आत्येचं प्रेशर आणि काकांचा देवचार

गणपतीत आमच्या देवगडच्या घरी सकाळच्या चहाबरोबर पडवीत गोळ्यांचे डबे निघतात. मुंबईकरांकडे आठवड्याचे सात कप्पे असलेले प्लास्टिकचे डबे, गावातल्यांकडे रबर लावलेल्या स्ट्रिपा. कोणाची प्रेशरची, कोणाची साखरेची, कोणाची ‘रक्त पातळ करणारी’. साठीच्या वरच्या मंडळींत यावरून थोडी चढाओढही चालते. ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे तो जरा रेलून बसतो आणि ज्याचं बायपास झालं आहे त्याला पहिला चहा मिळतो. तिशी-चाळिशीतली पोरं तोवर मागीलदारी विहिरीकडे गेलेली असतात. सिगरेट ओढायला गेलेत हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी काही बोलत नाही.

हृदयाची काळजी करायची ती पडवीतल्यांची, ही आमच्या घरातली जुनी वाटणी. ती अगदीच चूक आहे असं म्हणता येत नाही. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता किती, हे काढायची जी गणितं डॉक्टर वापरतात त्यांत वयाचा आकडा सगळ्यात जड असतो. पस्तिशीतला माणूस कितीही सिगरेटी ओढो, कोलेस्टेरॉल कितीही वर जाऊ दे, उत्तर पुष्कळदा ‘धोका कमी’ असंच येतं, कारण पुढची दहा वर्षं म्हणजे त्याची पंचेचाळिशीच. म्हणून अलीकडे दहा वर्षांच्या धोक्यासोबत आयुष्यभराचा धोकाही मोजावा असं म्हणतात. मागीलदारी उभ्या असलेल्या पोरांचा हिशेब या दुसऱ्या वहीत आहे, आणि ती वही आमच्याकडे कोणी उघडत नाही.

आधी पडवीतलं सांगतो, कारण ते डोळ्यांसमोर आहे.

आत्येचं वय ऐंशीच्या जवळ. वरचं प्रेशर एकशेऐंशी, खालचं सत्तर. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिने फक्त खालचा आकडा लक्षात ठेवला. सत्तर म्हणजे चांगलंच की! तिच्या तरुणपणी गावात जे डॉक्टर होते ते खालच्या आकड्यालाच जास्त मान देत, आणि पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या बाबतीत ते बरोबरही होतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात 1948 साली 30 ते 62 वयाच्या 5209 बायकापुरुषांची नोंद सुरू झाली आणि पुढे त्यांची मुलं-नातवंडंही त्या नोंदीत आली. हृदयविकाराचे ‘रिस्क फॅक्टर’ हा आज कोणीही सहज वापरतो तो शब्दप्रयोग त्याच अभ्यासातल्या 1961 सालच्या लेखाने रूढ केला. त्यातूनच असं दिसलं, की पन्नाशीच्या आत खालचा आकडा धोक्याचा जास्त चांगला अंदाज देतो आणि साठीनंतर वरचा आकडा, किंवा खरं तर दोन्हींमधलं अंतर. वय झालं की महाधमनी ताठ होते. हृदयाने रक्त फेकलं की तिने फुगायला हवं, ती फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. मग दोन ठोक्यांच्या मध्ये आकसून दाब टिकवायला हवा, तेही जमत नाही, म्हणून खालचा उतरतो. आत्येचा एकशेऐंशी-सत्तर हा त्या ताठ धमनीचा हिशेब आहे. त्यातला सत्तर हे निम्मं वाईट लक्षण आहे हे तिला पटवायला मला फार त्रास पडला. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

“माका काय्येक झाला नाय. वय झाला, इतक्याच,” हे तिचं ठरलेलं उत्तर. आणि घरातले माना डोलावतात. आता या वयात गोळ्या कशाला वाढवायच्या, किती दिवस उरलेत? या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनाही पुष्कळ वर्षं नक्की माहीत नव्हतं. ते 2008 साली मिळालं. ऐंशी आणि त्यापुढच्या 3845 जणांना निम्मे-निम्मे वाटून एका गटाला प्रेशरची खरी गोळी दिली, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली. खऱ्या गोळीच्या गटात मृत्यू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाले आणि हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला रक्त पुरेसं ढकलता न येणं, निम्म्याहून खाली आलं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला. ऐंशीच्या पुढच्या माणसालाही दोन-चार वर्षांत फायदा होतो, तो हा असा.

अर्थात आत्येला गोळी द्यायची म्हणजे चाळिशीतल्या माणसाला द्यायची तशी देऊन चालत नाही. मे महिन्यात देवगडच्या उकाड्यात लघवी वाढवणारी गोळी म्हाताऱ्या माणसाच्या अंगातलं सोडियम उतरवू शकते. माणूस बरळायला लागतो आणि घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. अंथरुणातून उठल्यावर प्रेशर एकदम खाली आलं तर न्हाणीत पडून खुबा मोडतो. म्हणून आमचे डॉक्टर तिचं प्रेशर बसवून घेतात आणि मग उभं करून परत घेतात. हे दुसऱ्यांदा घेणं तिला अपमानाचं वाटतं, पहिलं चुकलं होतं का म्हणून विचारते.

तिच्या ताटाबद्दल बोलायची सोय नाही. पेज, खारवलेला बांगडा, सुकट, मिठातल्या कैऱ्या. यातल्या कशालाही तिची हरकत नाही, आणि खरं सांगायचं तर माझीही जिभेवर हरकत नाही. पण जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅम मीठ म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि आपल्याकडचा पावसाळा सगळा खारातल्या जिनसांवर निघतो. वय वाढेल तसा मिठाचा प्रेशरवरचा परिणामही वाढत जातो. विशीत जो खारा बांगडा पचला तोच सत्तरीत प्रेशर चढवतो. शिवाय मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांवर घासायची, मग दुपारी, मग ‘जरा तोंड साफ करते’ म्हणून संध्याकाळी. तंबाखू खाता का, असं विचारलं तर आत्ये शपथेवर नाही म्हणेल. तिच्या मते ते दात घासणं आहे.

गेल्या वर्षी तिला झटका येऊन गेला. छातीत दुखलं नाही. सकाळी उलटी झाली, गळून गेल्यासारखं वाटलं, चार पायऱ्या चढून तुळशीपाशी जाताना दम लागला. “पित्त खवाळला आसतला,” असं तिनेच निदान केलं आणि कोकमाचं पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशीही दम तसाच, तेव्हा ईसीजी काढला. म्हाताऱ्या माणसांत, त्यातून मधुमेह असेल तर, झटका असाच येतो. नुसता दम, नुसती उलटी, कधी नुसतीच गोंधळल्यासारखी नजर. छातीवर हात दाबून कोसळणारा माणूस नाटकात दिसतो, घरातली आत्ये तशी दिसत नाही.

आता मागीलदारी.

बाबल्या माझा चुलतभाऊ, एकेचाळीस वर्षांचा, दहिसरला राहतो. अंगाने शेलाटा. प्रेशर नाही, साखर नाही. चाकरमानी माणसाच्या पोटाला जो नगारा येतो तोही नाही. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला गावाला आला होता. दुपारी छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली. त्याने सोडा प्यायला, ढेकर काढला, विहिरीवर जाऊन एक सिगरेट ओढली. तासाभराने घामाने भिजला. पोराचं वय काय, असं म्हणून काकीने लिंबू उतरून टाकलं. नशिबाने शेजारच्या पोराने गाडी काढली आणि नशिबाने तालुक्याला ईसीजी लगेच निघाला.

सिगरेटचं वयाशी जे नातं आहे ते बहुतेकांना उलटं वाटतं. माणूस म्हणतो, तरुण आहे तोवर सोसतं, मग सोडू. इंग्लंडमध्ये झटका आलेल्या हजारो लोकांचा अभ्यास 1995 साली छापून आला. तिशी-चाळिशीतल्या ओढणाऱ्यांना न ओढणाऱ्या समवयस्कांच्या सुमारे पाचपट झटके येत होते, पन्नाशीत तिप्पट आणि साठीच्या पुढे दुप्पट. साठीनंतर न ओढणाऱ्यालाही झटका यायला इतर कारणं पुष्कळ असतात, त्यामुळे सिगरेटचा वाटा त्यांत मिसळून जातो. तरुण वयात दुसरं कारण फारसं नसतंच, म्हणून ती एकटी उठून दिसते. एकूण मेलेली माणसं मोजली तर म्हातारी जास्त भरतात. पण एखाद्या तरुणाला झटका का आला असं विचारलं तर उत्तर पुष्कळदा एक-दोन गोष्टींत संपतं. तंबाखू आणि रक्तातली चरबी, ही त्यातली नेहमीची जोडी.

52 देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या अभ्यासातही हेच दिसलं. तो 2004 साली आला. तंबाखू, कोलेस्टेरॉल, प्रेशर, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, व्यायाम, दारू अशा नऊ गोष्टींनी जगभरातल्या पहिल्या झटक्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास झटके समजावून सांगता आले, आणि या गोष्टींचा जोर तरुणांत जास्त होता. त्याच अभ्यासातून आपल्या भागाबद्दलची गोष्ट पुढे आली. दक्षिण आशियातल्या लोकांत पहिल्या झटक्याचं मधलं वय 53, बाकीच्या जगात ते 59 च्या जवळपास. आपली माणसं जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी त्या दारात उभी राहतात. ‘आपण मासेभात खाणारे, आपल्याला काय होतंय’ हे किनारपट्टीवरचं लाडकं वाक्य मी या आकड्यासमोर ठेवून बघतो.

आणि हे सगळं त्या दुपारी सुरू झालेलं नसतं. कोरियाच्या युद्धात मेलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी उघडून पाहिली, ती नोंद 1953 सालची. सरासरी वय बावीस. शंभरातल्या सत्याहत्तर जणांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीचा थर कमी-जास्त दिसत होता. सैन्यात भरती होताना हीच पोरं तब्येतीने पास झालेली.

मग तरुणाला इतका मोठा फटका का बसतो, हे अँजिओग्राफीनंतर बाबल्याच्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दाखवलं. त्याची एकच धमनी खराब होती, तीही आधी अर्धीसुद्धा भरलेली नसावी. तरुणाच्या धमनीतला थर पुष्कळदा मऊ, चरबीने भरलेला आणि वर पातळ पापुद्रा असलेला असतो. तो फुटतो, त्यावर रक्त गोठतं आणि मिनिटांत वाट बंद. त्याआधी दम लागत नाही, चालताना दुखत नाही. आत्येच्या तिन्ही धमन्या वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत आल्या आहेत, आणि त्यामुळेच तिच्या हृदयाला बाजूच्या बारीक वाटा तयार करायला वेळ मिळाला. आगरातला मुख्य पाट गाळाने भरत गेला की पाणी जसं माडांच्या आळ्यांतून आपली लहान लहान ओघळं पाडून घेतं, तसं. बाबल्याच्या हृदयाला अशा वाटा पाडायचं कारणच कधी पडलं नव्हतं. म्हणून त्याच्याकडे वेळ कमी होता. इथून कोल्हापूर गाठायचं तर घाट चढायचा, बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं तर गोव्यापर्यंतचा रस्ता. दोन तासांच्या आत धमनी उघडणाऱ्या केंद्रात पोचता येणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं असा नियम आहे. त्याला ते तालुक्यालाच दिलं, मग घाट चढवला.

कोल्हापूरला त्याला विचारलेला पहिला प्रश्न असा: वडील, भाऊ कोणाला पंचावन्नच्या आत, आई-बहिणीला पासष्टच्या आत हृदयाचं काही झालं होतं का? बाबल्याने प्रामाणिकपणे नाही सांगितलं. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले होते. पण हृदयाने गेले असं आमच्या घरात कोणी म्हटलेलं नाही.

काका गेले ते एप्रिलमध्ये, आंब्याची तोड चालू असताना. तिन्हीसांजेला बागेतून घरी येत होते. वाटेवरच्या पिंपळाखाली बसले ते उठलेच नाहीत. “तेका वाटेर देवचार गावलो,” हे काकीचं म्हणणं, आणि घरानेही तेच धरून ठेवलं. खरं तर देवचार हा आपला राखणदार, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडणारा. तो एका कष्टकरी माणसाच्या मागे का लागेल, हा प्रश्न कोणाला पडला नाही. त्या वर्षापासून पिंपळाला नारळ जातो आणि गाऱ्हाणं घातलं जातं. माझी नारळाला हरकत नाही. पण त्या गोष्टीतून काही तपशील गळून गेले. ते मी या वेळी काकीला नीट विचारले तेव्हा बाहेर आले. त्या दिवशी सकाळपासून काकांचा डावा खांदा दुखत होता, झेल्याने आंबे काढून दुखतोय असं ते म्हणाले. दुपारी जेवले नाहीत. आणि त्यांच्या टाचांच्या मागे, शिरेवर, कडक गाठी होत्या. चपलेने घासून झाल्यात असंच सगळे समजायचे.

ही गाठींची गोष्ट मी डॉक्टरांना फोनवर सांगितली तेव्हा ते काही क्षण बोललेच नाहीत. बाबल्याचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, दोनशेच्या वर निघालं होतं. काही घराण्यांत यकृताला रक्तातलं एलडीएल उचलता येत नाही, कारण ते पकडणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकात दोष असतो. तो रिसेप्टर शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना 1985 चं नोबेल मिळालं. अशा माणसाचं कोलेस्टेरॉल जन्मापासून चढलेलं असतं, अंगाने तो बारीक असला तरी, आणि टाचेमागच्या शिरेत चरबीच्या गाठी होतात. साधारण अडीचशे माणसांत एकाला हा दोष असतो, म्हणजे आमच्या पंचक्रोशीत तो फक्त आमच्याच घरात असेल असं समजायचं कारण नाही. आईबापांपैकी एकाकडे असला तर प्रत्येक मुलाकडे तो यायची शक्यता निम्मी. काकांचे वडीलही शिमग्याच्या रोंबाटात नाचता नाचता पडले होते, पन्नाशीच्या आसपास. त्यांना देवाने नेलं, असं ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो.

तरुणाच्या धोक्याचा कागद असा घराच्या गोष्टींत दडलेला असतो. आत्येचा धोका पट्टा बांधून मोजता येतो. बाबल्याचा शोधायचा तर मेलेल्या माणसांविषयी जिवंत माणसांना त्रास द्यावा लागतो.

बायकांच्या बाबतीत तो कागद खरोखरचा कागद असतो आणि तो माहेरी राहतो. आमच्या वहिनीला पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात प्रेशर चढलं होतं, पाय सुजले होते, बाळंतपण घाईने करावं लागलं. गरोदरपणात प्रेशर किंवा साखर चढलेल्या बाईला पुढे, पन्नाशी यायच्या आधीही, हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पण पहिलं बाळंतपण माहेरी, फाइल वेंगुर्ल्याला आईच्या कपाटात, आणि सासरच्या डॉक्टरला फक्त ‘दोन डिलिव्हऱ्या, नॉर्मल’ एवढंच सांगितलेलं. पाळी चालू आहे तोवर बायकांना काहीसं संरक्षण असतं हे खरं, पण त्या भरवशावर तिचं प्रेशर गेल्या कित्येक वर्षांत कोणी बघितलेलं नाही. पाळी लवकर गेली तर ते संरक्षणही लवकर जातं.

आमच्या आधीच्या पिढीत तरुण मुलीच्या हृदयाचं दुखणं म्हटलं की झडपांचं दुखणं असायचं, लहानपणी घसा धरून सांधे सुजून मागे राहणारं. अजून ते गेलेलं नाही, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्या मुली अजून दिसतात. पण तो वेगळा विषय.

या गणपतीत मी एक कागद केला. आजोबांपासून खाली सगळी नावं, कोण कितव्या वर्षी गेलं, त्या दिवशी काय काय दुखत होतं, कोणाला गोळ्या चालू आहेत. काहींचं वय कोणालाच माहीत नाही, ‘मोठ्या वादळाच्या आदल्या वर्षी’ असं लिहावं लागलं. बाबल्याच्या दोन्ही मुलांचं कोलेस्टेरॉल तपासायला डॉक्टरांनी सांगितलं आहे. मुलगी अकरा वर्षांची आहे, आणि तिच्या आईला हे अजून मान्य नाही. एवढ्या पोरीच्या दंडात सुई कशाला? कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 साली पहिली तपासणी 18 व्या वर्षी करा असं सांगितलं, आणि घरात असा इतिहास असेल तर त्याही आधी. शिवाय लिपोप्रोटीन ए नावाची, रक्तातल्या एका जातीच्या चरबीची तपासणी आयुष्यात निदान एकदा. तिचा आकडा जन्मजात ठरलेला असतो, खाण्यापिण्याने फारसा हलत नाही, आणि आपल्या लोकांत चारांतल्या एकाच्या आसपास तो चढलेला सापडतो. आत्येने हे ऐकलं आणि “माजाव बघ” म्हणाली. डॉक्टर हसले. पंच्याहत्तरीनंतर नव्याने कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी का यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत, पण आत्येला झटका येऊन गेलाय, तिची गोळी चालूच आहे. तिच्यासाठी मशेरी सोडणं हीच मोठी तपासणी, असं ते म्हणाले. तो सल्ला तिने तिथेच नामंजूर केला.

बाबल्याने सिगरेट सोडली आहे, असं तो सांगतो. विहिरीकडे जातो, पण आता मोबाइल घेऊन. धाकट्या दोघा भावांनी रक्त तपासायला दिलं. एकाचा एलडीएलचा आकडा एकशेनव्वदच्या वर आला. तो तिशीचा, रोज व्यायामशाळेत जाणारा. तिसरा विरारला आहे. फोनवर म्हणाला, “माका काय दुखाक नाय तर कित्याक बघू?” त्याला अजून मनवतो आहे.

तो कागद मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार होतो. काकीने हात धरला. “ग्रुपार टाकू नको हां. थोरल्याच्या चेडवाची बोलणी चालू आसत. सोयऱ्यांका कळला तर?” सून आणताना आणि मुलगी देताना कोकणात काय काय झाकलं जातं ते मला माहीत आहे. कोड झाकतात, फिट झाकतात, मग हे का नाही? मी ग्रुपवर टाकला नाही. एकेकाला वेगळा पाठवला, आणि थोरल्याच्या मुलीला सगळ्यात आधी.